पंख्याचं तोंड कम्प्युटरकडे

आमच्या मोताळ्याच्या घरात एकच टेबलफॅन होता, आणि त्या उन्हाळ्यात त्याचं तोंड माणसांकडे नव्हतं. पुढच्या खोलीत अप्पांच्या शिलाई मशीनशेजारी माझा कम्प्युटर असायचा. त्याच्या पेटीचा एका बाजूचा पत्रा काढून मी भिंतीला टेकवून ठेवलेला, आतल्या तारा बाहेर लोंबलेल्या, आणि त्यांच्यासमोर हा पंखा ताठ मानेनं उभा. मान फिरवली असती तर येताजाता आईला आणि अप्पांनाही थोडा वारा मिळाला असता. पण तेवढ्या वेळात कम्प्युटर तापला तर काय घ्या, म्हणून मी मानेची खुंटी दाबून टाकली होती. आई पदरानं वारा घेत म्हणायची, "त्या डबड्याले ताप आला म्हनून पंखा. अन् आमी मानसं काय दगडाची हाओत?" मी बुलडाण्याला कम्प्युटरच्या डिग्रीला होते, रोज राजूरचा घाट चढून एसटीनं जात होते, आणि ज्याला घरात कुणी उलट प्रश्न विचारू शकत नाही असं काहीतरी आपल्याला येतं, ह्या धुंदीत होते. आज माझी मुलगी मला न विचारता माझा फोन अपडेट करून देते तेव्हा त्या धुंदीची फार आठवण येते.

अप्पा शिवणकाम करत. ओट्याला लागून खोली, खोलीत पायडलची मशीन, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी ओट्यावर कापडांचा ढीग. मशीन चालू असली की अप्पा गात. आधी पायडलची खडखड, मग तिच्यावर बसवलेली चाल, आणि लांब शिवण आली की लांब तान. बाहीच्या गोलाईला मात्र ते थांबत. तिथं म्हणे लक्ष लागतं. आम्ही दुसऱ्या खोलीत बसून सांगायचो, आता बाही चालू आहे, आता पायजम्याचा पाय. रात्री त्यांची गायनपार्टी असे. अप्पा बाजाच्या पेटीवर आणि गळ्यावर, शेषरावकाका ढोलकीवर. शेषरावकाका दिवसा गवंडीकाम करत आणि रात्री ढोलकीवर बसल्या बसल्या पेंगत, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. दोन गाण्यांच्या मध्ये अप्पा त्यांना जागं करत आणि ते उलटून बोलत. कित्येक लोक गाण्यांइतकेच त्या बोलण्यासाठी येत. एप्रिलमधल्या जयंतीला आमच्या वॉर्डात विहारासमोर मांडव पडला की पहिलं गाणं अप्पांचंच. मला आठवतं तेव्हापासून त्यात खंड नव्हता.

त्या वर्षी थंडी सरता सरता अप्पांचा आवाज बसला. आधी सगळ्यांनी हळद-दूध सांगितलं, मग ज्येष्ठमध, मग अकोल्याचा डॉक्टर. त्यानं घशात नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूवर गाठ आहे, काढावी लागेल, असं सांगितलं. गाठ साधी निघाली, हे पुढे कळलं. पण ऑपरेशननंतर बरेच दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि गाण्याचा आवाज पूर्वीसारखा येईलच असं सांगता येणार नाही, हे त्यानं आधीच बजावलं. परतीच्या एसटीत अप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते. घरी येऊन चपला काढताना एवढंच म्हणाले, "सुजे, तुह्या त्या डबड्यात गानं भरता येते काय वं?"

मग ऑपरेशनच्या आधी आम्ही गाणी भरली. दाराखिडक्यांवर गोधड्या टांगल्या, शेजारच्या शेळ्या लांब बांधायला लावल्या, पंखा बंद. त्याची घरघर गाण्यात येते म्हणून. तेवढ्या दिवसांत कम्प्युटरला आणि आम्हाला एकसारखा घाम आला. घसा बसलेला असूनही अप्पा थांबत थांबत गायले. एक कडवं चांगलं येई, दुसऱ्यात खोकला. मग पुन्हा पहिल्यापासून. मध्येच "पानी दे व माय", मध्येच शेळी, मध्येच शेषरावकाकांचं घोरणं. एकेका गाण्याचे चारचार तुकडे झाले आणि त्यांनी माझी ती जुनी, बारकी हार्ड डिस्क काठोकाठ भरून गेली. आता ह्या तुकड्यांतून चांगलं तेवढं निवडायचं, खोकले कापायचे, सलग गाणं जोडायचं, आणि जयंतीला मांडवात लावायचं. अप्पा मुके बसतील, पण पहिलं गाणं त्यांचंच होईल. मी शब्द दिला होता. शब्द देताना, असं कापणं-जोडणं करणारा प्रोग्रॅम माझ्याकडे नाही, ही बारीकशी गोष्ट मी तपासली नव्हती.

इथं मला माझ्या कम्प्युटरची जात सांगायला हवी. बाकीच्या पोरांच्या मशीनवर सगळं तयार मिळे. माझ्या मशीनवर लिनक्सचा, म्हणजे कम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीचा, असा एक प्रकार होता की ज्यात तयार काहीच नसतं. प्रत्येक प्रोग्रॅमचा मूळ मजकूर आणायचा आणि आपल्या मशीनच्या मापानं घरीच बांधून घ्यायचा. कॉलेजातल्या एका सीनियर मुलीनं मला त्याच्या सीड्या दिल्या होत्या आणि मी अप्पांना सांगितलं होतं की हे म्हणजे रेडिमेड नाही, शिवून घेतलेलं आहे. अप्पांना रेडिमेडचा मनस्वी राग. "रेडिमेडवाला दिसला का मले आधी त्याच्या काखेतली शिवन दिसते," असं म्हणणारा माणूस. त्यांनी तेवढ्यावर त्या लिनक्सला आशीर्वाद दिला. ह्या शिवणकामातली मशीन म्हणजे कम्पायलर. माणसानं लिहिलेला मजकूर घेऊन यंत्राला चालेल असा प्रोग्रॅम करून देणारा हाच. माझ्या कम्प्युटरवरचं जवळजवळ सगळं त्याच्या सुईखालून गेलेलं. आणि गाणी जोडायचा तो नवा प्रोग्रॅम माझ्या जुन्या कम्पायलरला शिवता येत नव्हता. नवा कम्पायलर हवा. तो कुठून येणार? जुन्या कम्पायलरनंच तो बांधायचा. म्हणजे जुन्या मशीनवर नवी मशीन शिवून काढायची. आणि हात चुकला तर जुनीही गेली, नवीही नाही, आणि अंगावरचे कपडे उसवायला लागलेले.

शहाणी माणसं अशा वेळी आधी सगळ्याची दुसरी प्रत काढून दुसरीकडे ठेवतात. माझ्याकडे दुसरीकडे नावाची जागा नव्हती. कॉलेजची लॅब परीक्षांसाठी बंद झालेली. तिथून नव्या कम्पायलरच्या आणि त्या प्रोग्रॅमच्या मजकुराची सीडी तेवढी बंद व्हायच्या आधी करून आणली होती. अप्पांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आमच्या उघड्या पेटीत, पंख्यासमोर.

अप्पा अकोल्याहून ऑपरेशन करून आले ते पाटी घेऊनच. पहिलीतल्या पोरासारखी काळी पाटी, कडेला दोरीनं बांधलेलं फडकं. आईला वाटलं घर शांत होईल. कुठलं! पूर्वी अप्पा एकदा बोलून विसरत. आता लिहून समोर धरत आणि वाचेपर्यंत हलत नसत. "भाजीत मीठ" असं लिहून ती पाटी जेवण संपेपर्यंत ताटाला टेकवलेली. आई म्हणायची, "बोलता होता तवा बरा होता, निदान पाठ तरी फिरवता ये." मी त्यांना कम्पायलरचं सगळं समजावून सांगितलं. बराच वेळ बोलले. नवा बांधला तरी जुना काढायचा नाही, दोघं शेजारी शेजारी राहू द्यायचे, नव्यावर आधी एखादं छोटं काम करून बघायचं, मग हळूहळू सगळं त्याच्यावर न्यायचं, असं सूचनांत लिहिलं होतं तेही सांगितलं. अप्पांनी पाटी घेतली, लिहिलं, "उशीची खोळ." मी बघत राहिले. मग त्यांनी मशीनकडे बोट केलं. ही मशीन नवी आली तेव्हा आठ दिवस त्यांनी गिऱ्हाइकाचं कापड तिच्याखाली घातलं नव्हतं. चिंध्यांच्या उशीच्या खोळी शिवत बसले होते, आणि तोपर्यंत जुनी मशीन कोपऱ्यात तेल घालून तयार होती. आमच्या घरात त्यामुळे माणसांपेक्षा उशा जास्त.

त्या काळी लोडशेडिंग दोन वेळचं. सकाळी लाइट जाई ती दुपारी येई, आणि दिवेलागणीला परत जाई. मधल्या तासांत नवा कम्पायलर बांधून व्हायला हवा होता, कारण अर्ध्यात लाइट गेली तर पहिल्यापासून. शिवाय हा प्राणी एकदा बांधून भागत नाही. जुना त्याला बांधतो. बांधलेला नवा मग स्वतःच स्वतःला पुन्हा बांधतो. त्यातून निघालेला आणखी एकदा. आणि शेवटचे दोन हुबेहूब सारखे निघाले तरच काम पक्कं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "म्हंजे तिसऱ्यांदा बी तसाच आला तं खरा. भाकरीचं बी तसंच हाय, पह्यली कोनालेबी येते." लाइट आली, मी कळ दाबली, पडद्यावर ओळी धावायला लागल्या. घरात मिक्सर बंद, इस्त्री बंद, आणि अप्पा पायडल मारत असले तरी गाणं नाही. नुसती खडखड ऐकणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळलं.

दुपार कलताना शेषरावकाका आले. खांद्यावर पार्टीचा अॅम्प्लिफायर. "जयंती आली," म्हणाले, "हा वाजते का नाई पाहून घेतो," आणि माझं लक्ष जाण्याआधी त्यांनी त्याची पिन माझ्याच बोर्डात खुपसली. ठप्प असा आवाज झाला आणि पंखा हळूहळू थांबला. फ्यूज.

"काका!" मी ओरडले.

"मी काय केलं वं?" ते पिन हातात धरून म्हणाले. मग पडदा काळा दिसल्यावर ओशाळले. "बिघडला काय? फार्मेट मारून टाक. माह्या भाच्याच्या क्लासात काई बी झालं का फार्मेट मारतेत. एकदम कोरा होते मंग."

"कोरा झाला तं अप्पाचा आवाज बी कोरा होईन, काका."

त्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे. काकांनी पिन खिशात घालावी तशी मुठीत दाबली. "मंग नको मारू," म्हणाले. आणि स्वतः स्टुलावर चढून फ्यूजची तार बांधून दिली. त्या दिवशीचं काम मात्र गेलं.

दुसऱ्या दिवशी काका दारातच खाट टाकून बसले. कोणी बोर्डाला हात लावू नये म्हणून. थोड्या वेळानं झोपले, पण झोपेतही त्यांचा पाय उंबऱ्यावर आडवा होता. दिवेलागणीच्या थोडं आधी काम पुरं झालं. शेवटचे दोन हुबेहूब निघाले. मी जुन्याच्या शेजारी नवा ठेवला, नव्यावर चार ओळींचा एक प्रोग्रॅम बांधून चालवून पाहिला, आणि अप्पांना म्हटलं, "खोळ झाली." अप्पांनी पाटी आपटून टाळी दिली.

खरी अडचण त्यानंतर आली. डिस्कवर जागा उरली नव्हती. गाण्याचा प्रोग्रॅम बांधायला जागा लागते, आणि जुना कम्पायलर, नवा कम्पायलर, अप्पांचे तुकडे असं सगळं मिळून डिस्क गच्च. सरळ उपाय म्हणजे जुना काढून टाकायचा. नवा चालतोय, मग कशाला हवा तो? बोट कळीवर होतं. पण अजून सगळा संसार त्या जुन्याच्या हातचा होता, गाणं वाजवणारा प्रोग्रॅमसुद्धा. आणि काही उसवलं तर परत टाका घालायला कोणी नको का? मी अप्पांना विचारलं. त्यांनी लिहिलं, "जुनी मशीन राहू दे." पुसलं, परत लिहिलं, "खराब गानी काढ."

ते बरोबरच होतं. मांडवात लावायला एकेक चांगला तुकडा पुरे होता. मी खराब तुकडे एकेक करून काढायला बसले, आणि काढण्याआधी ऐकून बघावं म्हणून पहिला लावला. दीड कडवं, खोकला, शांतता. आणि मग अप्पांचा आवाज, गाण्याचा नव्हे, बोलण्याचा: "सुजे, बंद कर वं ते, पाह्य ना गळा कसा खरखरून राह्यला. शेष्या, उठ बे. ह्याले पगार देतो का झोपाची जागा? ए, एक चहा ठेव व, याच्यात मोज ह्याले बी." स्वयंपाकघरातून आईची पावलं आली आणि दारात थांबली. तिच्या हातात खरोखरच चहाचं भांडं होतं. अप्पांनी मागितला असं वाटून ती उठली होती. ती भांडं घेऊन आत गेली आणि चहा ठेवला.

चांगल्या तुकड्यांत अप्पा फक्त गात होते. बोलत होते ते सगळे खराब तुकड्यांत. पुढे कसा आवाज येईल, येईल की नाही, कुणाला माहीत नव्हतं. मी त्यातला एकही काढला नाही. मग काढायला उरलं काय? माझा डेस्कटॉप. म्हणजे पडद्यावरच्या त्या चकचकीत खिडक्या, सावल्या पडणारी चित्रं, उड्या मारणारी बटणं. जे बांधायला मी लोडशेडिंगच्या फटींतून महिनाभर राबले होते आणि जे बघायला कॉलेजातल्या दोन मैत्रिणी बुलडाण्याहून खास आल्या होत्या. ते काढलं. पडदा काळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं तेवढी. आई पाहून म्हणाली, "पाटी झाली व तुही बी." त्या घरात आता दोन पाट्या होत्या.

त्यातही नवा प्रोग्रॅम बांधून झाला आणि सुरू करताच कोसळला. मग डोकं थंड करून मी एका ओळीची आज्ञा देऊन जुन्या कम्पायलरकडे परत गेले, आणि आधी गाणं वाजतंय का पाहिलं. वाजलं. अप्पा गातायत. तेवढं ऐकल्यावर विचार सुचला: नवा सदरा नव्या मशीनवर शिवला होता, पण त्याला लावलेलं अस्तर जुन्या मशीनचं, आणि दोन्हींचे टाके जुळत नव्हते. ज्या ज्या सामाईक भागांवर तो प्रोग्रॅम उभा होता ते सगळे नव्यानं बांधायला हवे होते. मग पुढचे दिवस तेच. लाइट आली की एक भाग, गेली की हिशेब कुठं आलो त्याचा. प्रत्येक भागानंतर मी एकदा अप्पांचं गाणं लावून बघे, काही उसवलं तर नाही ना म्हणून. शेजारचे समजत होते की पोरगी बापाच्या दुःखात एकच कडवं ऐकत बसते.

जयंतीला कम्प्युटर मांडवात नेला तो लोटगाडीवरून, खाली गोधड्या घालून, आणि मागून आई टेबलफॅन घेऊन. जनरेटर होता. लोक खुर्च्यांवर घामानं निथळत बसलेले आणि स्टेजवर पंखा पेटीकडे तोंड करून. समोरच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "पावना कोन हाय तो?" शेषरावकाकांनी ढोलकी भरायला साफ नकार दिला होता. "माहं ढोलक डबड्यात नाई जानार. तुहा बाप डबड्यातून गाईन, मी समोर वाजवीन." अप्पा नवा सदरा घालून खुर्चीत, मांडीवर पाटी. मी कळ दाबली. आवाज लागला. पहिलं गाणं अप्पांचं झालं. काका इतके सावध वाजवत होते की त्यांना कुणी तसं कधी पाहिलं नव्हतं.

गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी मी मध्ये एक तुकडा जोडून ठेवला होता. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. स्पीकरमधून अप्पा म्हणाले, "शेष्या, उठ बे. ह्याले पगार देतो का झोपाची जागा?"

आणि काकांनी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, माइककडे तोंड करून ठणकावलं, "झोपलो कुठं बे, तुहंच गानं संपलं!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. ते आधी स्पीकरकडे पाहत राहिले, मग खुर्चीतल्या अप्पांकडे, आणि ढोलकीवर डोकं टेकवून हसायला लागले. हसत होते असंच आम्ही सगळ्यांनी धरलं. मांडव तर फुटलाच. अप्पांनी हसायचं नव्हतं, घशाला ताण नको म्हणून. त्यांनी पाटी तोंडासमोर धरली. पाटी हलत होती.

घरी गेल्यावर आईनं पुरणाचे मांडे वाढले. अप्पांनी पाटीवर मिठाचं काही लिहिलं नाही.

जुना कम्पायलर मी पावसाळ्यानंतर काढला, सगळं नव्याच्या हातचं झाल्यावर, आणि काढताना जरा गलबलले, हे आज माझ्या ऑफिसातल्या पोरांना सांगितलं तर ती माझ्याकडे काळजीनं बघतील. खराब तुकडे मात्र तेव्हापासून मशीनमागून मशीन माझ्याबरोबर आलेत. चकचकीत डेस्कटॉप पुन्हा बांधायचा राहूनच गेला.

आणि नवा आवाज? डॉक्टरनं बोलायची परवानगी दिली त्या दिवशी आम्ही सगळे खोलीत जमलो होतो. काकाही आले होते, ढोलकी घेऊन; कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी कम्प्युटरसमोर, आई दारात. पहिला शब्द काय निघेल, कसा निघेल, म्हणून सगळे कान देऊन. अप्पांनी पाटी बाजूला ठेवली. घसा खाकरला नाही, ते मना होतं. ओल्या कापडावर कात्री चालावी तसा जाड, फाटका, खालचा आवाज आला. त्याआधी आम्ही कुणी तो ऐकला नव्हता, आणि तरी दुसऱ्या कुणाचाही नव्हता.

"सुजे," अप्पा म्हणाले, "आता तरी पंखा इकडं फिरव व माय."